मधले एकोणीस दिवस

बाबा शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी आधी घड्याळ मागितलं. घशातली नळी काढून दोन-अडीच तास झाले होते. आवाज फुटत नव्हता, म्हणून मनगटावर बोट आपटून दाखवलं. मी माझं घड्याळ त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. बराच वेळ बघत राहिले, मग नुसत्या ओठांनी विचारलं, "तारीख?" मी सांगितली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा सांगितली. पुन्हा नाही.

न्यूमोनियामुळे त्यांना एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर, गुंगीच्या औषधाखाली ठेवलं होतं. त्यांच्या हिशोबानं ते काल रात्री झोपले होते. माझ्या तोंडची तारीख त्यांना खोटी वाटत होती आणि ती खोटी नाही हे पटवायला माझ्याजवळ माझ्या चेहऱ्याशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

त्या दिवसांत मी रात्र रात्र आयसीयूबाहेरच्या बाकावर फोनवर वाचत बसायची. जीव टांगणीला लागला की माणूस कुठं कुठं आधार शोधतो. आधी फुप्फुसांबद्दल वाचलं, मग बेशुद्धीबद्दल, आणि एका पहाटे जेम्स बेडफर्ड या माणसापाशी येऊन थांबले. तो माणूस तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

बेडफर्ड मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. १२ जानेवारी १९६७ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं आणि लगेचच त्यांचा देह गोठवायला घेतला. पुढं कधीतरी वैद्यक असं काही शिकेल की हा कर्करोगही बरा होईल आणि हे मरणही माघारी फिरवता येईल, ही त्यामागची आशा. यालाच क्रायोनिक्स म्हणतात. बेडफर्ड आजही आहेत. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात स्कॉट्सडेल इथं अल्कॉर नावाची संस्था आहे, तिथल्या एका उंच टाकीत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला. टाकीची रचना थर्माससारखी असते. तिला वीज लागत नाही, पण नायट्रोजन हळूहळू उडून जातो आणि कुणीतरी तो वेळच्या वेळी भरावा लागतो. अशा अवस्थेतली माणसं आज जगभरात पाचशेच्या आसपास असतील. तिथली मंडळी त्यांना मृतदेह म्हणत नाहीत, पेशंट म्हणतात.

१९९१ मध्ये बेडफर्डना जुन्या टाकीतून नव्या टाकीत हलवायचं होतं, म्हणून जुनी टाकी उघडली. इतकी वर्षं आत नेमकं काय झालं असेल, मधे कधी देह वितळला तर नसेल, कुणालाच सांगता येत नव्हतं. आत ते स्लीपिंग बॅगेत गुंडाळलेले होते आणि त्यांच्याजवळ १९६७ साली ठेवलेले पाण्याच्या बर्फाचे तुकडे होते. त्या तुकड्यांचे कोपरे अजून धारदार होते. चोवीस वर्षांत एकदाही तापमान शून्याच्या वर गेलं नव्हतं, याची साक्ष त्या चौकोनी तुकड्यांनी दिली.

मला त्या तुकड्यांत बेडफर्डांची बायको आणि मुलगा दिसतात. एक जागा बंद झाली की दुसरी शोधायची, दुसरीचं काही बिनसलं की तिसरी. मधे काही काळ तर ती टाकी भाड्याच्या गोदामात ठेवलेली होती. नातेवाइकांशी कोर्टकचेऱ्या झाल्या. हे सगळं कुणासाठी, तर जो बोलत नाही, बघत नाही, आणि आपल्या हयातीत उठणार नाही हेही ज्याच्याबद्दल जवळजवळ नक्की आहे, अशा माणसासाठी. बर्फाचे कोपरे शाबूत राहिले ते या दोघांच्या चिकाटीमुळे. नायट्रोजन हे फक्त निमित्त.

उलट उदाहरणंही आहेत, आणि ती वाचताना पोटात कालवतं. कॅलिफोर्नियातच चॅट्सवर्थच्या दफनभूमीत एका तळघरात ठेवलेले नऊ जण वितळून गेल्याचं १९७९ साली उघडकीला आलं. पैसे येणं बंद झालं, यंत्रणा बिघडली आणि घरच्यांना वेळेवर कुणी कळवलं नाही. फ्रान्समध्ये एका डॉक्टरनं १९८४ साली वारलेल्या बायकोला आपल्या घराच्या तळघरात शीतपेटीत ठेवलं. २००२ साली तो स्वतः तिच्या शेजारी गेला. मुलानं दोघांना सांभाळलं, त्यासाठी सरकारशी कोर्टात भांडला. २००६ मध्ये शीतपेटी बिघडली, तापमान चढलं, आणि आईवडिलांचं दहन करण्याशिवाय त्या मुलापुढं मार्ग उरला नाही. आईवडील दोनदा गेले त्याचे.

आता विज्ञानाकडं येते, कारण मला ते थोतांड वाटत नाही. पेशीतल्या पाण्याचा बर्फ झाला की त्याचे स्फटिक पेशी फाडतात. म्हणून शरीरातलं बरंचसं पाणी काढून त्या जागी बर्फ होऊ न देणारी रसायनं भरायची आणि सगळं इतकं थंड करायचं की आत स्फटिकांऐवजी काच तयार व्हावी. याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. गोठवलेल्या भ्रूणातून पहिलं बाळ १९८४ साली ऑस्ट्रेलियात जन्माला आलं. १९९२ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांतून तीस वर्षांनी, २०२२ मध्ये, अमेरिकेत जुळी जन्मली. म्हणजे काळ थांबवता येतो, पण काही मोजक्या पेशींपुरता. अवयव म्हटला की गोष्ट अवघड होते. ग्रेग फाही या शास्त्रज्ञाच्या गटानं सशाचं मूत्रपिंड असं काचवून, ऊब देऊन पुन्हा बसवलं आणि तो ससा त्या एकाच मूत्रपिंडावर जगला. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात उंदरांची मूत्रपिंडं १०० दिवसांपर्यंत गोठवून ठेवली, मग पाच उंदरांत बसवली आणि ती महिन्याभरात नीट काम करू लागली.

या प्रयोगात अवघड होतं ते ऊब देणं, हे मला फार अर्थपूर्ण वाटलं. थंड करताना जी काच होते, ती सावकाश गरम केली तर वाटेत तिचाच बर्फ होतो. एक भाग आधी तापला आणि दुसरा मागं राहिला तर तडे जातात. म्हणून मिनेसोटाच्या मंडळींनी अवयवात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सोडले आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून अवयव आतूनच सगळीकडं सारखा आणि झटकन तापवला. गोठवण्यापेक्षा जागं करणं कठीण. आणि हे सगळं बोटाच्या पेरापेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या अवयवाचं. पूर्ण माणूस, त्यातून त्याचा मेंदू, हा पल्ला अजून कुणी गाठलेला नाही. शिवाय कायद्यानं मृत्यू जाहीर झाल्याशिवाय गोठवायला हात लावता येत नाही, म्हणजे हृदय थांबल्यानंतरची इजाही त्यात मिळवायची. ज्या रोगानं माणूस गेला तो रोग, ते मरण, गोठवताना झालेली इजा, बऱ्याच जणांच्या बाबतीत म्हातारपण. हे सगळं एकदमच बरं करावं लागेल. तीन गोष्टी बऱ्या करून चौथी राहिली तर उठवलेला माणूस दुसऱ्यांदा मरणार.

समजा, हे सगळं जमलं. माणूस डोळे उघडतो. पुढं?

बाबांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना हात उचलता येत नव्हता. एकोणीस दिवस न हललेले स्नायू अक्षरशः विरघळून गेले होते. चमचा तोंडापर्यंत न्यायला आठवडा लागला. मी त्यांच्या बोटांभोवती चमच्याची मूठ वळवायची, वरून माझा हात धरायची, आणि ओठांपाशी पोहोचेपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम यायचा. पहिले तीन दिवस त्यांना वाटत होतं की आपण एका बोटीत आहोत आणि बोट कुणी धक्क्याला लावत नाहीये. मॉनिटरचा आवाज त्यांना भोंग्यासारखा ऐकू येई. एक सिस्टर होत्या, पाळीवर आल्या की दर तासाला त्यांच्या कानाशी वाकून तीच तीन वाक्यं म्हणायच्या. आजोबा, आज अमुक तारीख आहे. तुम्ही दवाखान्यात आहात. ही बघा तुमची मुलगी. पहिल्या दोन वाक्यांवर बाबांचा चेहरा कोरा राहायचा. तिसऱ्यावर ते माझ्याकडं वळायचे. बोट धक्क्याला लागली ती त्या तिसऱ्या वाक्यावर, असं मला आजही वाटतं.

दोनशे वर्षांनी उठलेल्या माणसाच्या कानाशी कुणीतरी वाकेल. तारीख सांगेल, ती ऐकून तो हादरेल. जागा सांगेल, तिचं नाव त्यानं कधी ऐकलेलं नसेल. सांगणाऱ्याची भाषा तरी कळेल का? सातशे वर्षांपूर्वीची ओवी आज आपल्याला टीप वाचल्याशिवाय उलगडत नाही, आणि ती तर आपलीच भाषा. आणि तिसऱ्या वाक्याच्या जागी ते काय म्हणतील?

हा प्रश्न माझ्या आधी एका बापानं विचारला आहे, तोही न्यायालयात. २०१६ साली इंग्लंडमध्ये कर्करोगानं अखेरच्या टप्प्यात असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीनं आपल्याला गोठवून ठेवावं अशी इच्छा धरली. आईची संमती होती. वेगळ्या राहणाऱ्या आणि बरीच वर्षं मुलीला न भेटलेल्या वडिलांची सुरुवातीला नव्हती. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: समजा उपचार यशस्वी झाला आणि दोनशे वर्षांनी ती उठली, तर तिला एकही नातेवाईक सापडायचा नाही, कदाचित आठवणीही नसतील, आणि ती फक्त चौदा वर्षांची, अमेरिकेत एकटी. न्यायमूर्तींनी निकाल देताना स्पष्ट केलं की क्रायोनिक्स खरं की खोटं हे आपण ठरवत नाही, मुलीच्या पश्चात निर्णय कुणी घ्यायचा एवढंच ठरवतो. तो अधिकार आईला मिळाला, मुलगी शांत मनानं गेली आणि तिचा देह अमेरिकेला नेला गेला. मी आईच्या जागी असते तर सहीच केली असती, क्षणाचाही विचार न करता. तरी बापाचं वाक्य मला सोडत नाही. थायलंडमधल्या एका जोडप्यानं मेंदूच्या कर्करोगानं गेलेली आपली दोन वर्षांची मुलगी २०१५ मध्ये अशीच ठेवली आहे. दोन वर्षांच्या मुलीला जगाची ओळख म्हणजे आईच्या कडेवरून दिसतं तेवढं. तिला उठवताना ती कडही उठवावी लागेल.

आणि एकत्र उठणं सोपं नाही. या क्षेत्रातल्या लोकांत एक विचार आहे की जे सगळ्यात शेवटी गोठवले गेले ते सगळ्यात आधी उठतील, कारण त्यांच्यासाठी वापरलेलं तंत्र चांगलं, इजा कमी. बेडफर्डांच्या वेळी सगळंच प्राथमिक होतं, त्यांचा नंबर बहुधा अगदी शेवटचा. माणसं गोठवून ठेवण्याची मूळ कल्पना ज्यांनी जगापुढं मांडली ते रॉबर्ट एटिंगर २०११ साली ९२ व्या वर्षी वारले आणि त्यांनीच मिशिगनमध्ये सुरू केलेल्या संस्थेत गेले. तिथली पहिली पेशंट त्यांची आई, १९७७ ची. पहिली पत्नी तिथं आहे, दुसरीही आहे. शेवटचा आधी या हिशोबानं मुलगा आईच्या आधी उठणार, कदाचित काही पिढ्या आधी, आणि आईच्या वेळेपर्यंत त्यालाच थांबावं लागणार. दोन्ही पत्नी उठल्या तर? मृत्यूनं विवाह संपतो, कायदा तिथं स्पष्ट आहे. पण त्या तिघांच्या मनाला हा कायदा कोण सांगणार? पहिलीच्या लेखी तर मधे काही घडलेलंच नाही. ती काल रात्री झोपली होती.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते, मला ती फार टोचली. अमेरिकेत हे देह संस्थेकडं असतात ते अवयवदानाच्या कायद्याखाली, म्हणजे कागदोपत्री ते संस्थेला केलेलं दान. मृत्यूचा दाखला निघालेला असतो, मालमत्ता वारसांकडं गेलेली असते. चुकून मृत ठरवलेला माणूस परत आला तर न्यायालय तो दाखला रद्द करू शकतं, कारण तो मुळात चुकीचा होता. इथं दाखला खरा होता. उठलेला माणूस कोण म्हणून उठेल? नागरिक, की दान मिळालेली वस्तू? २०२२ च्या सुमारास अल्कॉरमध्ये पूर्ण देहासाठी २,२०,००० डॉलर आणि नुसत्या डोक्यासाठी ८०,००० डॉलर असा खर्च सांगितला जात होता, मिशिगनमधल्या संस्थेत तो २८,००० डॉलर होता. बहुतेक जण आयुर्विम्यातून ही सोय करतात. त्यातला काही भाग गुंतवून त्याच्या उत्पन्नावर नायट्रोजन भरत राहायचा असतो. थोडक्यात, थांबण्याची तजवीज केलेली असते. उठल्यावर निवाऱ्याची, कपड्यांची, औषधांची, नव्यानं काही शिकण्याची तजवीज कुणाच्या नावे? काहींनी स्वतःसाठी विश्वस्त निधी करून ठेवले आहेत. बाकीच्यांना त्या काळाच्या दयेवरच उठावं लागेल.

काळाच्या पलीकडून परत आलेली माणसं आपण पाहिलेली नाहीत असं नाही. जपानी सैन्यातले हिरोओ ओनोदा फिलिपिन्सच्या लुबांग बेटावरच्या जंगलात दुसरं महायुद्ध संपलंय यावर विश्वास न ठेवता जवळजवळ २९ वर्षं राहिले. पत्रकं टाकून झाली, लाउडस्पीकरवरून हाका मारून झाल्या, सगळं त्यांना शत्रूचा डाव वाटला. शेवटी मार्च १९७४ मध्ये त्यांच्या जुन्या वरिष्ठ अधिकाऱ्याला तिथं नेलं. तो तोवर पुस्तकविक्रेता झाला होता. त्यानं समोर उभं राहून कामगिरी संपल्याचा हुकूम दिला, तेव्हा ओनोदांनी शस्त्र खाली ठेवलं. पुरावे होते, बातम्या होत्या, पण मान्य झाला तो ओळखीचा आवाज. देशात स्वागत झालं, तरी दुसऱ्याच वर्षी ते ब्राझीलला निघून गेले आणि तिथं गुरं पाळू लागले. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात १९६९ साली, मेंदूच्या जुन्या आजारानं अनेक दशकं पुतळ्यासारख्या बसून राहिलेल्या रुग्णांना एल-डोपा हे औषध दिलं आणि ते चालू-बोलू लागले. त्यातली एक बाई १९२६ सालातल्यासारखी बोलत होती, त्या काळची गाणी, त्या काळचे विनोद. वर्ष १९६९ आहे हे तिला माहीत होतं, पण ते तिला आपलं वाटत नव्हतं.

लहानपणी ऐकलेली रेवतीची गोष्ट मला हे वाचताना नव्यानं आठवली. राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथं गायन चालू होतं म्हणून थोडा वेळ थांबला. गायन संपल्यावर त्यानं मनात योजलेल्या वरांची नावं सांगितली, तेव्हा ब्रह्मदेव हसले. तेवढ्या वेळात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली होती. ते वर, त्यांची मुलं, नातवंडं, नावनिशाणीही उरली नव्हती. बापलेक परत आले तर राजधानी दुसऱ्याची आणि माणसं ठेंगणी झालेली. रेवतीचं लग्न बलरामाशी झालं, आणि ती त्या युगाच्या मानानं फार उंच म्हणून बलरामानं नांगराच्या टोकानं तिला खाली ओढून आपल्याएवढी केली. लहानपणी मला नांगराची गंमत वाटायची. आता वाटतं, त्या मुलीला कुणी विचारलं असेल का? दुसऱ्या युगात उतरलेल्या माणसाला ते युग आपल्या मापाचं करून घेतं. ककुद्मीनं तर प्रयत्नच केला नाही. मुलगी दिली आणि हिमालयात तपाला निघून गेला. पण निदान रेवतीबरोबर बाप होता आणि पुढं नवरा.

म्हणून मला वाटतं, या संस्थांनी टाक्यांची जेवढी काळजी घेतली आहे तेवढीच आता या बाजूची घ्यावी. गोठवताना माणसाबरोबर त्याच्या घरच्यांचे आवाज ठेवावेत. कुणाला आधी उठवायचं हे केवळ इजेच्या हिशोबानं न ठरवता माणसं जोडीनं, कुटुंबानं उठवावीत, त्यासाठी शंभर वर्षं जास्त थांबावं लागलं तरी. ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशा पिढ्यांवर आपण हे काम सोपवतो आहोत, तर त्यांना निदान सांगून ठेवावं की या बाईला अंधाराची भीती वाटते, या गृहस्थांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, त्या कानाशी बोलू नका. मृत्यूला नाही म्हणणाऱ्या या माणसांबद्दल माझ्या मनात माया आहे. त्या बाकावर बसून मीही नाहीच म्हणत होते.

बाबा घरी आल्यावर त्यांनी मधल्या एकोणीस दिवसांचे पेपर मागितले. आईनं सगळे रचून ठेवले होते. ते रोज दोन पेपर वाचायचे, एक आजचा आणि एक मागचा, क्रमानं, एकही न गाळता. सकाळी आजचा वाचताना कपाळाला आठ्या असायच्या, दुपारी मागचा वाचताना चेहरा निवांत असायचा. अकराव्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली.

"अगं, याचं मधलं पान कुठंय?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. काका, बाबांचे थोरले भाऊ, त्या पेपरच्या तारखेच्या आदल्या दिवशी झोपेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, थोडी ताकद येऊ द्या, मग सांगा. ती ताकद कधी आली हे ठरवायचं धाडस आम्हा दोघींपैकी कुणालाच होत नव्हतं. मी कपाटातून घडी घातलेलं पान काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. चार ओळी आणि वर फोटो, तोही जुनाच, केस काळे असतानाचा. बाबांनी ते मांडीवर ठेवून तळहातानं घडी सरळ केली. थरथरत्या हातानं, पण पूर्ण सरळ होईपर्यंत. मग पेपरात त्याच्या जागी सरकवलं, कडा जुळवल्या.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "दादाला माझं कळलं होतं?"

"हो बाबा. रोज सकाळी फोन यायचा त्यांचा."

"काय म्हणायचा?"

"एवढंच विचारायचे, उठला का?"